पक आत होता का?

हॅमर लेक, मिशिगन
६ ऑक्टोबर १९९६

रेनो,

तुझ्या पायाला भिंगरी आहे हे मला ठाऊक होतं, पण माणसानं निदान पत्ता तरी मागे ठेवून जावं! नाताळच्या कार्डावर ज्या रिंकचा पत्ता होता, जिथे तू पाणी गोठवून बर्फाचं मैदान धरायचास, तिथे फोन केला, तर तिथली बाई म्हणते, "रेनो? तो गेला की उन्हाळ्यात. बर्फ फार सुंदर धरायचा, पण टिकायचा नाही." मला कळेना, बर्फ टिकायचा नाही की तू. शेवटी तिनंच बेमिजीच्या रिंकचा पत्ता दिला.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'इकडेही बर्फ पडतोय' यापुढे जात नाहीस, आणि बाबा तर तुझ्याही वरचढ. बहिणीनं काय दोन मुक्यांमध्ये बसून एकटीनंच बडबडायचं?

बातमी अशी की आपली आइस हॉकीची रिंक पाडणार आहेत. छप्पर मधोमध खचलंय. या हिवाळ्यात शेवटचा बर्फ धरायचा आणि एप्रिलात यंत्रं लावायची. हे ऐकल्याबरोबर चर्चच्या तळघरात कॉफी पिणाऱ्या समस्त बायकांना रेडबूट्सचा उमाळा आला. ज्यांनी जन्मात एक सामना धड पाहिला नाही त्या म्हणायला लागल्या, संघाचा इतिहास लिहायला हवा. टाइपरायटर कोणाकडे आहे? सिल्वीकडे. झालं, सिल्वी इतिहासकार!

आतापर्यंत लिहिलंय ते असं. वाच आणि चुका सांग:

"हॅमर लेक रेडबूट्स हा संघ १९४९ साली खाणीतल्या दुसऱ्या पाळीच्या लोकांनी उभा केला. लोखंडाच्या मातीनं सगळ्यांचे बूट लाल असत, म्हणून हे नाव. पहिला गोलकीपर गावातला बेकरीवाला होता. उत्तर सरोवर लीगमध्ये संघ सव्वीस हिवाळे खेळला आणि एकदाही विजेता ठरला नाही. १९७५ साली खाण कंपनीनं कळवलं की संघानं अंतिम फेरी गाठली तर पुढच्या वर्षीही पोसू, नाही तर टाळं लावू. पोर्ट कॅडीविरुद्धचा निर्णायक सामना घरच्याच बर्फावर होता. दुसऱ्या सत्रात पाहुण्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला. त्यांनी दुसरा आणलाच नव्हता. लीगचा नियम असा की यजमानांचा राखीव गोलकीपर तो दोन्ही संघांचा राखीव. तेव्हा गावचाच रेनो हौतामाकी प्रेक्षकांतून उठला, पोर्ट कॅडीचा हिरवा स्वेटर अंगात चढवला आणि आपल्याच गावाविरुद्ध जाळ्यासमोर उभा राहिला."

इथे माझं घोडं अडलंय. पुढे काय झालं हे गावातली पोरंसोरंही सांगतात, पण प्रत्येकाचं वेगळं. शेवटची तीन मिनिटं, आपण एका गोलनं मागे, आपल्या गिडो बर्तेलीचा फटका, जाळ्यासमोर माणसांचा ढीग, त्याखाली कुठेतरी पक, ती रबराची चकती, आणि तुझ्यामागे काचेच्या खोक्यात, गोल झाला की लावायच्या दिव्याचं बटण हातात घेऊन बसलेले आपले बाबा. दिवा लागला नाही. आपण हरलो. संघ मेला.

बाबा आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहेत, ते मी कळवलं होतंच. तब्येत ठीक आहे, पण पाय एका जागी ठरत नाही. दिवसभर त्या बोळातून इकडून तिकडे येरझाऱ्या. रिंक पाडणार हे ऐकल्यापासून तर जास्तच. आणि मी गेले की एकच प्रश्न: "रेनोला विचारलंस का? पक आत होता का?" एकवीस वर्षं ते तोंडातून अवाक्षर काढत नव्हते, आणि आता हा धोशा. म्हणतात, रिंक जायच्या आत मला कळलं पाहिजे.

तर सांग एकदाचं. एका ओळीचं काम आहे.

तुझी
सिल्वी


बेमिजी
१९ ऑक्टोबर

सिल्वी,

पत्र मिळालं. पहिला गोलकीपर बेकरीवाला नव्हता, बेकरीवाल्याचा जावई होता. बेकरीवाला स्केटवर उभाही राहू शकत नसे. जावयाला सासऱ्यानं ढकललं होतं, तो काही मनानं आला नव्हता.

बसबद्दल लिही. ती शाळेची जुनी बस होती आणि तिची ऊब फक्त ड्रायव्हरच्या पायाशी यायची. पोर्ट कॅडीला जाताना आम्ही पास्ट्या, खाणवाल्यांच्या त्या मोठ्या करंज्या, इंजिनवर ठेवायचो, आतले मटण-बटाटे गरम राहावेत म्हणून. उतरेपर्यंत सगळ्याला डिझेलचा वास. अजूनही मला बिनवासाची पास्टी अळणी लागते. आणि आठ हिवाळे मी राखीव होतो हे लिहिलंस तर हेही लिही की राखीव म्हणजे काय. राखीव म्हणजे कोट घालून तिसऱ्या रांगेत बसायचं, मोठ्या गोलकीपरच्या गुडघ्याला काही होतंय का ते बघत, आणि काही होऊ नये असंही मनात म्हणायचं.

इथला बर्फ खराब आहे. पाण्यात लोह जास्त. दोनदा धरला, दोनदा पिवळा आला. मालक म्हणतो चालेल. मला चालत नाही, तेव्हा बहुतेक इथूनही निघेन.

पुस्तकात माझं नाव नाही आलं तरी चालेल. 'एक राखीव' असं लिही.

बाबांना सांग मी बरा आहे.

रेनो


हॅमर लेक
२ नोव्हेंबर

रेनो,

वा रे वा! मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय! पास्टीला डिझेलचा वास येतो हे कळवायला तिकीट लावलंस. मी तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. बस, जावई, पिवळा बर्फ सगळं ऐकून घेतलं त्यांनी, अगदी मान हलवत. मग म्हणाले, "आणि?" मी कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा. उठले आणि लागले परत चालायला.

परवा ते सपाता घालूनच बाहेर पडले. रिंककडे निघाले होते. पोस्टाजवळ थोडे धडपडले. फार काही नाही, कपाळाला खोक. कोणी उचलून आणलं असेल? गिडो बर्तेलीनं! ज्या माणसानं एकवीस वर्षं आपल्या घराकडे पाठ करून पेट्रोल विकलं, त्यानं. गाडीत घातलं, वृद्धाश्रमात सोडलं, आणि वाटभर एक शब्द बोलला नाही. बाबाही नाही. दोघांचं जमायला हरकत नाही खरं तर.

मी पुस्तकासाठी त्याच्याकडे गेले. मला वाटलं हाकलून देईल. पण रेडबूट्सचं नाव काढलं की गिडोच्या तोंडाची टाकी फुटते. "आत होता का म्हणून काय विचारतेस? आत गेला, बसला, कॉफी मागितली त्यानं!" मी म्हटलं, "तू स्वतः पाहिलास?" तर म्हणे, "मी उताणा पडलो होतो, छप्पर बघत होतो. पण मारणाऱ्याला कळतं." म्हणजे यानंही पाहिलेला नाही. आणि याच्या शब्दावर अख्ख्या गावानं बाबांशी बोलणं टाकलं होतं, आठवतंय? को-ऑपच्या दुकानात आई रांगेत उभी राहिली की पुढची बाई मागे वळून बघायची नाही. "हौतामाकींनी संघ बुडवला, बापानं दिव्यानं आणि लेकानं हातमोज्यानं." खाण पुढे बंद पडली तीही जणू आपणच पाडली!

तू त्या वसंतात निघून गेलास. मला वाटायचं तुला लाज वाटली, गावाला हरवल्याची. वेड्या, कसली लाज? नियम होता म्हणून उभा राहिलास. खेळलास ते खेळलास. कोणी तुला मुद्दाम गोल खायला सांगितलं असतं तरी तू खाल्ला नसतास, हे काय मला माहीत नाही? लहानपणी पत्त्यांतसुद्धा तू मला कधी जिंकू दिलं नाहीस.

आता हा मुकेपणा पुरे. बाबा ब्याऐंशीचे होतील. आत होता की बाहेर, लिहून टाक.

सिल्वी


बेमिजी
२४ नोव्हेंबर

सिल्वी,

चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठून रिंकवर गेलो. बर्फ घासायचं यंत्र घेऊन नुसत्या फेऱ्या मारल्या. बर्फाला गरज नव्हती.

तुला वाटतं मला गावाला हरवल्याची लाज वाटली. तसं काही नाही. ऐक.

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत पास्टी खात होतो. त्यांचा गोलकीपर पडला आणि सगळी रिंक हसायला लागली. कारण सगळ्यांना कळलं की आता कोण येणार. गिडोनं बर्फावरून मला काठीनं सलाम ठोकला, "ये रे राजा, जाळं उघडं ठेव!" कपडे बदलताना पोर्ट कॅडीचा एकही माणूस माझ्याकडे बघेना. त्यांना वाटत होतं, आपण मेलो. मलाही तसंच वाटत होतं.

आणि मग काय झालं ते मला सांगता येणार नाही, सिल्वी. पहिला फटका हातमोज्यात येऊन बसला. दुसरा आला. गिडोचा एक असा आला की तो दिसायच्या आधी माझा पाय तिकडे गेलेला होता. आठ वर्षं मी सरावात त्यांचे फटके खात होतो. कोण कुठे मारणार हे मला त्यांच्या बायकांपेक्षा चांगलं माहीत होतं. हसणं थांबलं. तिसऱ्या सत्रात तर रिंकमध्ये चिडीचूप. मला आयुष्यात तेवढं बरं कधी वाटलेलं नाही. मग ना कुठल्या नोकरीत, ना लग्नात, ना कुठल्या गावात.

मग तो ढीग. चार-पाच जण अंगावर आले, जाळं जागेवरून हललं, शिट्टी झाली. मी मान वळवून मागे बघितलं. काचेपलीकडे बाबा. हात बटणावर. दिवा बंद. आणि ते रेषेकडे बघत नव्हते, पकाकडे बघत नव्हते. थेट माझ्याकडे बघत होते. आई माझ्याकडे आजारपणात बघायची तसे. रेफरीनं खूण करून विचारलं, आणि त्यांनी मान हलवली. नाही.

मला त्या क्षणी कळलं. त्यांनी दिवा लावला नाही, कारण समोर त्यांचं पोरगं होतं. आठ वर्षं कोट घालून बसलेलं पोरगं. दया आली त्यांना. गावात सगळ्यांत सरळ माणूस म्हणून ज्यांच्या हातात बटण दिलं होतं, त्यांनी माझ्यासाठी ते दाबलं नाही. माझा एकच तर खेळ होता, आणि तो त्यांनी मला भिकेत घातला.

त्या घरात मी कसा राहणार होतो? जेवताना समोर बसायचे. मीठ दे म्हणायचे. तेवढंच.

आता तेच मला विचारतात, आत होता का? मला का विचारतात? बटण कोणाच्या हातात होतं? त्यांना सांग, तुमचं तुम्हाला माहीत.

रेनो


हॅमर लेक
११ डिसेंबर

रेनो,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि ओव्हनमधला वेलदोड्याचा पाव कोळसा झाला.

म्हणजे आत होता! निदान मला तरी तसंच वाटलं. तसंच घेऊन मी बाबांकडे गेले. मनात म्हटलं, आता या माणसाला काय तोंड दाखवू? तुमच्या लेकाला सगळं माहीत आहे आणि म्हणून तो गेला, हे कसं सांगू? पण सांगितलं. तुझं पत्र वाचलं, शब्द न् शब्द, 'भिकेत' सुद्धा.

बाबा चालायचे थांबले. खाटेवर बसले. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग ते जे बोलले ते मी तिथेच पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं, म्हणजे तू म्हणायला नको मी मीठमसाला लावला:

"मी पक पाहिलाच नाही. माणसांचा ढीग होता, मध्ये गिडोचं ते एवढं मोठं ढुंगण. रेषा दिसत नव्हती, जाळं सरकलेलं. रेफरी माझ्याकडे बघायला लागला. मग मी पोराचे खांदे बघितले. पंचवीस वर्षं मी त्या खोक्यात बसलो. गोल झाला की गोलकीपरचे खांदे पडतात. मुखवटा घातला तरी खांदे लपत नाहीत. त्याला आधी कळतं, दिव्याच्याही आधी. रेनोचे खांदे पडले नाहीत. म्हणून मी मान हलवली. दया कसली? मी त्याच्यावर विसंबलो. नंतर तो घर सोडून गेला, तेव्हा माझ्या मनात आलं, पोरानं मला फसवलं की काय. खांदे मुद्दाम धरून ठेवले की काय."

कळलं का तुला? आयुष्यभर त्यांना वाटत आलं की तुला माहीत आहे, आणि तुला वाटत आलं की त्यांना माहीत आहे! एका टेबलाशी बसून मीठ मागत होतात दोघं. आपल्या फिनिश घरांत माणूस जळून मेला तरी शेजारच्याला त्रास नको म्हणून ओरडायचा नाही.

आता तूच उरलास. त्यांना फक्त हवं आहे की तू सांगावंस. आत असला तर आत. ते रागावणार नाहीत.

आणि मी तुला 'थोडे धडपडले' असं लिहिलं होतं. थोडे नाही. डॉक्टर हृदयाबद्दल बोलतात, येत्या वसंत ऋतूबद्दल बोलत नाहीत.

सिल्वी

ता. क. ९ जानेवारी. हे पत्र 'इथे राहत नाही' असा शिक्का मारून परत आलंय. परत आलंय! मी इथे दिवस-दिवस पोस्टमनच्या तोंडाकडे बघतेय आणि तू गाशा गुंडाळून गेलास! गिडोनं त्याच्या ट्रकवाल्या ओळखींमधून शोध काढला की तू मायनॉटला आहेस. हो, गिडोनं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मलाही ऐकायचंय तो काय म्हणतो ते."


मायनॉट, नॉर्थ डकोटा
१८ जानेवारी १९९७

सिल्वी,

आत्ता मिळालं. रिंकच्या बाकावर बसून लिहितोय. पोरांचा सराव चाललाय. मला हसू आवरत नाही म्हणून पोरं माझ्याकडे बघतायत.

मी पाहिलाच नाही गं!

त्या ढिगात कोणाचा तरी कोपर लागला आणि माझा मुखवटा फिरून कानावर आला. डोळ्यांसमोर नुसतं कातडं. पक पोटाखाली आहे एवढं कळत होतं. पोट कुठे आहे, रेषेच्या अलीकडे की पलीकडे, कोणाला ठाऊक! शिट्टी झाल्यावर मुखवटा सरळ केला आणि पहिल्यांदा काय केलं? दिवा बघितला. दुसरं कोणाला विचारणार? दिवा लागलेला नव्हता. म्हणून वाटलं, नाही झाला. म्हणून खांदे पडले नाहीत!

ते माझे खांदे बघत होते आणि मी त्यांचा दिवा. दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि गाव गेलं खड्ड्यात.

सिल्वी, मी हसतोय असं लिहिलं खरं, पण आता पोरांकडे पाठ करून बसलोय. मी बेमिजीला होतो, त्याआधी फारगोला, त्याआधी कुठे कुठे. सगळीकडे वाटायचं, कोणीतरी मागून येऊन सांगेल, 'तो तुझा खेळ खरा नव्हता.' म्हणून कोणी ओळख वाढवायला लागलं की निघायचो. ते माझ्यावर विसंबले होते? बाबा? माझ्यावर?

त्यांना हे सांग. लगेच सांग. पत्र मिळाल्याबरोबर जा. ते जागे असतील ना?

रेनो


हॅमर लेक
२५ जानेवारी

रेनो,

सांगितलं. कोट न काढता सांगितलं.

 मग म्हणाले, "मुखवटा नीट बांधता येत नाही आणि गोलकीपर व्हायला निघाला होता." मग इतके हसले की नर्स धावत आली. हसता हसता खोकला लागला, खोकल्यातून ताप. आता झोपून आहेत. चालणं बंद. ते बोळातून फिरत नाहीत याचीच मला आता जास्त भीती वाटते.

माझ्या पुस्तकाची तर वाट लागली. ज्यानं मारला त्यानं पाहिलं नाही, ज्यानं अडवला त्यानं पाहिलं नाही, ज्यानं निवाडा दिला त्यानं पाहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या इतिहासाचा शेवट मी काय लिहू? 'तिघांचेही डोळे दुसरीकडे होते'?

पत्रं पुरे झाली. उत्तर लिहू नकोस. बस पकड.

सिल्वी


मायनॉट
१० फेब्रुवारी

सिल्वी,

तू मला परतीच्या बसमध्ये बसवलंस तेव्हा विचारलंस, "काय बोललात इतके?" मी म्हटलं, "बर्फाबद्दल." तू डोळे वटारलेस. तिथे सांगितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि बसमधल्या लोकांनी बघितलं असतं. म्हणून लिहितोय.

तू दर वेळी आत आलीस की आम्ही भांडताना दिसायचो, एवढं तुला माहीत आहे. नर्सनं तुझ्याकडे तक्रारही केली. पण भांडण कसं सुरू झालं ते तुला माहीत नाही. मी पोहोचलो त्या दिवशी तासभर नुसते बसलो होतो. ते छताकडे, मी बुटांकडे. मग जेवणाचं ताट आलं. त्यांनी त्यातला वाटाणा उचलला, मीठदाणी आणि मिरीदाणी शेजारी शेजारी उभी केली आणि म्हणाले, "हे जाळं. तू कसा पडलास ते दाखव." मी चमचा आडवा ठेवला. ते म्हणाले, "तसा नाही. तुझं डोकं मिरीदाणीकडे होतं." मी म्हटलं, "मी होतो तिथे." ते म्हणाले, "मी पण होतो. आणि माझा मुखवटा कानावर नव्हता." झालं, तिथून सुरू!

ते म्हणत आत होता. मी म्हणत होतो बाहेर. दोघांनीही पाहिलेला नाही आणि दोघांचीही खात्री! ते उशीवरून उठून बसायचे. "तुझं पोट रेषेच्या मागे होतं!" मी म्हणायचो, "तुम्ही कुठे रेषा बघितली?" मग गिडो आला, टोपी हातात घेऊन दारात उभा. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. त्यानं ताटाकडे बघितलं, वाटाणा उचलून मीठदाणीच्या मागे ठेवला आणि म्हणाला, "इथे." बाबा म्हणाले, "बघ! मारणारा सांगतोय." दोघं एका बाजूला झाले, सिल्वी! ज्या दोघांचं इतकी वर्षं हाडवैर होतं, ते दोघं मिळून माझ्यावर ओरडत होते. नर्स आली ती त्या वेळी.

मला काही कळेना. दिवा लावला नाही म्हणून यांना गावानं वाळीत टाकलं. आता मी म्हणतोय की तुम्ही बरोबर होतात, बाहेर होता, तुमची चूक नाही. आणि हे हट्ट धरून बसलेत की आत होता! गावाची माफी हवी आहे का यांना? की गिडोला बरं वाटावं म्हणून?

शेवटच्या दिवशी तू चर्चमध्ये पुस्तिकेचे कागद दाखवायला गेली होतीस. आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं. आपल्या घरात असं कोणी विचारत नाही, पण विचारलं. "बाबा, तुम्हाला आत का हवाय?"

ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "बरोबरी झाली असती."

मी म्हटलं, "हो, झाली असती. मग?"

"मग जादा वेळ. नियमाप्रमाणे वीस मिनिटं. त्यातही बरोबरी, तर आणखी वीस."  दम लागला होता. "आठ वर्षं मी त्या खोक्यात बसून तुला तिसऱ्या रांगेत बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिलं. दिवा लावला असता तर तू अजून खेळला असतास. माझ्या हातात होतं. लावला नाही, आणि तीन मिनिटांत सगळं संपलं."

 त्यांचे पाय पांघरुणाबाहेर आले होते, ते झाकले. गार होते.

पुस्तकात तुला काय लिहायचं ते लिही. माझं नाव घातलंस तरी चालेल. इथल्या मालकाला सांगितलंय, उरलेला हंगाम दुसऱ्या कोणाकडून बर्फ धरून घे. शनिवारच्या बसनं निघतोय, आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. तोवर बाबांना झोपू देऊ नकोस फार. त्यांना सांग, रेनो अजून म्हणतोय, बाहेर होता.

रेनो